सिमेंटचा रस्ता फोडताना
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापूस-ज्वारीच्या बैठकीत आज सिमेंटचा रस्ता कसा फोडतात यावर बोलणार, असे सांगितले तेव्हा मागच्या रांगेत कोणीतरी हसले. हसा. पण ज्यांच्या घरचे कोणी पनवेल, कळंबोली, तळोजा या बाजूला कामाला आहे त्यांनी हात वर करा म्हटले, तर हसणाऱ्यांतलेच कितीतरी हात वर येतील. पऱ्हाटी उपटली, कडबा रचला की कोरडवाहू गावातली जवान पोरे गाडी पकडतात. फोन केला तर सांगतात, 'साइटवर आहे.' साइटवर म्हणजे कुठे, हातात काय असते, ते कसे चालवायचे हे कोणी शिकवले की नाही, यातले काहीच आई-बापाला ठाऊक नसते. आम्ही शेतकीची पदवी घेतलेली माणसे. वखराची पास किती खोल जावी यावर तासभर बोलू शकतो. पण वखर धरणारा पोरगा वर्षातले चार-सहा महिने ब्रेकर धरत असेल, तर ब्रेकरवर बोलणे हेही आमचे कामच झाले.

दुसरे कारण अधिक जवळचे आहे. गावातल्या गल्ल्या सिमेंटच्या झाल्या आणि पाठोपाठ नळयोजनेसाठी फुटल्याही. त्याकडे शेवटी येऊ. आधी पनवेल.

पनवेल ही रस्त्यांची गाठ आहे. जुना मुंबई-पुणे रस्ता तिथून जातो, गोव्याचा रस्ता पळस्प्याजवळ फुटतो, न्हावा-शेवा बंदराचे कंटेनर त्याच परिसरातून हलतात. २००२ साली पूर्ण खुला झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीपासून सुरू होतो, आणि तो सिमेंट काँक्रीटचा आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली तेव्हा या भागात भातखाचरे आणि मिठागरे होती. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली तिथले शेतकरी जमिनीच्या मोबदल्यासाठी उभे राहिले. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. आज त्या खाचरांवर सिमेंट आहे, आणि ते बारा महिने कुठे ना कुठे फुटत असते. कधी गटारासाठी, कधी केबलसाठी, कधी गॅसच्या नळीसाठी. ज्यांची जमीन गेली ते शेतकरीच होते, आणि तिच्यावरचे सिमेंट फोडायला लांबून येतात तेही शेतकऱ्याचीच पोरे.

आता फोडण्याकडे वळू. नव्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी सुरुंग लावून कापली. टेकडीला सुरुंग चालतो, शहरातल्या रस्त्याला चालत नाही. शेजारी इमारती, खाली नळ्या आणि विजेच्या तारा. म्हणून हत्यार लागते, आणि हत्यार निवडायचे तर आधी सिमेंट काँक्रीटचा स्वभाव कळला पाहिजे.

महामार्गाचे काँक्रीट दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४०० किलोचा दाब सोसते. वरून कितीही दाबा, ते हटत नाही. पण तेच काँक्रीट ताणले, ओढले, वाकवले तर साधारण दहाव्या हिश्श्यातच तडकते. सगळी विद्या या एका गोष्टीत आहे. दाबून फोडायला जाणारा दमतो, ताण देऊन फोडणारा कमी घामात फोडतो. आपला वडार समाज हे पिढ्यान् पिढ्या जाणतो. दगडाला ओळीने भोके घ्यायची, पाचरी बसवायच्या, एकेका पाचरीवर आळीपाळीने घण घालायचा. दगड चिरडत नाही, उकलतो. पदवी घेताना हे आम्हाला कोणी शिकवले नाही. विहिरीच्या काठावर बसून बघितले तेव्हा कळले.

याचाच दुसरा भाग म्हणजे मोकळी बाजू. स्लॅबच्या मधोमध ब्रेकर लावून उभा राहिलेला पोरगा तासभर नुसती भुकटी पाडतो. कारण फुटलेल्या तुकड्याला सरकायला जागाच नसते. कडेपासून वीतभर आत छिन्नी लावायची, थोडी कलती धरायची, की तुकडा कडेकडे सुटतो. मग पुन्हा नव्या कडेपासून वीतभर. ढेकळाच्या रानात आपण एका बाजूने आत जातो, तसेच. कड नसेल तर आधी एक खड्डा पाडून कड तयार करायची.

महामार्गाच्या स्लॅबमध्ये आडव्या सांध्यांवर लोखंडी गज असतात. ते एका स्लॅबचा भार दुसऱ्यावर देतात. सांध्यावर ब्रेकर मारत बसलात तर छिन्नी गजावर आदळून हात झिणझिणतात आणि काम होत नाही. तिथे आधी काँक्रीट काढून गज उघडा करायचा, मग तो वेगळा कापायचा.

आता हत्यारे. घण, छिन्नी आणि पहार ही सर्वात जुनी. बोरघाटातून १८६३ साली रेल्वे वर चढली ती या हत्यारांवर आणि सुरुंगाच्या दारूवर. सह्याद्रीचा काळा कातळ माणसांनी हाताने भोके पाडून उडवला. दाबलेल्या हवेची यंत्रे मोठ्या प्रमाणावर चालली ती युरोपात, फ्रान्स आणि इटली यांच्यामधल्या बोगद्यात, आणि तो बोगदा खुला झाला १८७१ साली. म्हणजे आमच्या घाटातला मजूर थोडक्यात हुकला. हाताने धरायच्या हवेच्या हातोड्याचे पेटंट अमेरिकेत १८९० च्या दशकात झाले. पोकलेनच्या टोकाला लागतो तो तेलाच्या दाबावरचा ब्रेकर जर्मनीत १९६० च्या दशकात आला.

कॉम्प्रेसर आपल्याला परका नाही. विहिरीला भोके घ्यायला ट्रॅक्टरवर बसवलेला कॉम्प्रेसर गावोगाव फिरतो. पण एक फरक ध्यानात घ्या. विहिरीवरचे यंत्र ठोके देता देता गज फिरवते, कारण त्याला भोक पाडायचे असते. रस्त्यावरचा ब्रेकर फिरत नाही, फक्त ठोकतो, मिनिटाला हजारावर ठोके. कॉम्प्रेसर तोच चालतो, पुढचे हत्यार बदलावे लागते. ट्रॅक्टर-कॉम्प्रेसर असलेल्या आपल्या काही तरुणांनी हे नीट समजून घेतले तर गावातली फोडाफोडीची कामे बाहेरच्या ठेकेदाराकडे कशाला जातील? विहिरींचा हंगाम उन्हाळ्यात संपतो. कॉम्प्रेसरचा हप्ता मात्र बारा महिने असतो.

हवेचा भारी ब्रेकर तीस-चाळीस किलोचा असतो. नवखा पोरगा त्यावर छातीने जोर देतो. गरज नसते. यंत्राचे वजन पुरेसे आहे, माणसाने फक्त दिशा द्यायची. जोर दिला की हादरा अंगात येतो आणि छिन्नी अडकते. छिन्नी दोन तऱ्हेची. टोकदार छिन्नी कठीण काँक्रीटमध्ये शिरायला, चपटी कापत न्यायला आणि कड सरळ ठेवायला. विजेवरची यंत्रे हलकी असतात. पातळ गल्लीला, पायरीला, ओट्याला ती पुरतात. जेसीबीचा किंवा पोकलेनचा ब्रेकर एका दिवसात कित्येक माणसांचे काम उरकतो. पण त्याचा दणका नुसत्या फोडायच्या जागेपुरता राहत नाही, हे पुढे उपयोगी पडेल.

हिऱ्याच्या कणांचे पाते लावलेला कटर हा या सगळ्यांतला शहाणा. तो फोडत नाही, रेघ कापतो. रेघेपलीकडचा रस्ता शाबूत राहतो.

आणखी एक प्रकार आहे पावडरीचा. मुळात तो कळीच्या चुन्याच्या जातीचा. कळीच्या चुन्यावर पाणी टाकले की तो फुगतो, हे घर सारवणाऱ्या मायबहिणींना सांगायला नको. ही पावडर पाण्यात कालवून भोकात भरली की एका दिवसाच्या आसपास फुगून काँक्रीट आतून ताणते. आवाज नाही, दगड उडत नाही. फक्त भरलेल्या भोकावर वाकून डोकावू नये. कधी कधी माल उसळून वर येतो आणि डोळा जातो. महाग प्रकार आहे, गावकामाला परवडणार नाही.

आता जे बोलायला आम्ही उभे राहिलो ते बोलतो. फवारणी करताना तोंड बांधा म्हणून आम्ही वर्षानुवर्षे ओरडलो. विषाला वास असतो, तो सावध करतो. सिमेंटच्या धुळीला वास नाही. काँक्रीटमध्ये वाळू, वाळूत सिलिका. कोरडा कटर चालला की उडणारी सर्वात बारीक धूळ डोळ्याला दिसतही नाही आणि फुप्फुसात खोल जाऊन बसते. वर्षांनी धाप लागते. त्या रोगाचे नाव सिलिकोसिस. त्यावर औषध नाही. जे गेले ते फुप्फुस परत येत नाही. वरून तो टी.बी.सारखा दिसतो आणि टी.बी. होण्याची शक्यताही वाढवतो. म्हणून पोरगा गावी परतला की टी.बी.च्या गोळ्या सुरू होतात आणि तो काय काम करीत होता हे कोणी विचारत नाही. डॉक्टरांना सांगा. स्पष्ट सांगा, 'सिमेंट कापायच्या, फोडायच्या कामावर होता.' कामगारांच्या भरपाईच्या कायद्यात हा रोग धंद्यातून होणारा म्हणून नोंदलेला आहे. पण काम केल्याचा पुरावा लागतो. एक वही करा. तारीख, जागा, ठेकेदाराचे नाव, मुकादमाचा नंबर. कपाशीची वेचणी आपण मजुरागणिक लिहितोच की!

रुमाल बांधून ही धूळ अडत नाही. अडते ती पाण्याने. पात्यावर बारीक धार सोडली की निम्म्याहून अधिक संकट जमिनीवरच बसते. त्यावर चांगला मास्क, एन-९५ किंवा त्याहून बरा. ठेकेदार म्हणतो पाण्याने चिखल होतो. होऊ द्या.

हादऱ्याने बोटे पांढरी पडतात, बधिर होतात, थंडीत जास्त. तासन् तास एकाच माणसाने यंत्र धरू नये, पाळी लावावी. कानात बोळे हवेत. आणि फोडण्याआधी खाली काय आहे हे मुकादमाला विचारल्याशिवाय छिन्नी टेकवू नये. पनवेलसारख्या ठिकाणी खाली विजेची तार आहे की गॅसची नळी, हे वरच्या सिमेंटवर लिहिलेले नसते.

बांधकाम मजुरांसाठी केंद्राने १९९६ साली कायदा केला. त्यातून राज्यात कल्याणकारी मंडळ आले. त्याचा पैसा बांधकामाच्या खर्चावरच्या एक टक्का उपकरातून येतो. नाव नोंदवायला वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. रस्त्याचे कामही यात येते. आपला पोरगा स्वतःला शेतकरीच समजतो, म्हणून नोंदणी करत नाही. सातबारा असला तरी नोंदणी होते. अडसर ९० दिवसांच्या दाखल्याचा असतो आणि तो ठेकेदाराच्या खिशात असतो. म्हणून पुन्हा सांगतो, वही ठेवा.

आता गावाकडे या. १५ ऑगस्ट २०१९ ला जलजीवन मिशन जाहीर झाले. नळ हवेतच, त्यावर वाद नाही. पण गल्ल्या फोडल्या कशा ते आठवा. जेसीबीला ब्रेकर लावला, गल्लीच्या मधून धडधडत नेला. वीस इंच चर हवा होता, तीन फूट उखडले. उरलेल्या रस्त्यालाही बारीक तडे गेले. आता पाया बघा. आपली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात उलते. वरचा स्लॅब अखंड होता तोवर खाली पाणी कमी जात होते. तड्यांतून पाणी गेले की खालची माती जागोजाग फुगते आणि स्लॅब उचलून वाकवते. वाकवला की काय होते ते आपण वर पाहिलेच. पाइप टाकल्याला दोन पावसाळे झाले नाहीत तोच सगळी गल्ली हलू लागते, त्याचे हे कारण आहे. आणि हिशेब करा. १५ सेंटिमीटर जाडीचा, ३० सेंटिमीटर रुंदीचा, १०० मीटर लांबीचा पट्टा काढला तर जवळजवळ ११ टन राडारोडा निघतो. चर तिप्पट रुंद केला की ३२ टन. तो कोणाच्या पांदणीत, कोणाच्या धुऱ्यावर पडला, हे तुम्ही बघितलेच आहे.

म्हणून मागणी साधी आहे. फोडण्याआधी चराच्या दोन्ही बाजूंना कटरने रेघ कापा, निदान जाडीच्या एक तृतीयांश खोल, पूर्ण खोल कापली तर उत्तम. मधला पट्टा हाताच्या ब्रेकरने काढा. चर भरताना काळी माती परत टाकू नका. मुरूम टाका, वीत-वीत थराने, पाणी मारून, धुमसून. मग काँक्रीट. अंदाजपत्रकात रस्ता पूर्ववत करण्याची बाब आहे का, आणि असली तर मोजमाप पुस्तिकेत ती किती मीटर दाखवली आहे, हे ग्रामसभेत मोठ्याने वाचून घ्या. आम्ही काही ठिकाणी वाचायला लावले. कागदावरची लांबी आणि गल्लीतली लांबी शेजारी ठेवली की सभा फार शांत होते.

राहिले पाणी. नव्या काँक्रीटवर मातीची आळी बांधून किंवा ओला बारदाना टाकून निदान सात दिवस पाणी टिकवावे लागते. नाही तर ते कच्चे राहते. आपल्याकडे निधी मार्चमध्ये जागा होतो आणि विहिरी फेब्रुवारीतच झोपतात. एप्रिलात टँकरच्या रांगेत उभी असलेली बाई रस्त्याला पाणी घालील का? तेव्हा गल्ली फोडायचे काम दिवाळीनंतर, विहिरींना पाणी असताना व्हावे, असा ठराव पुढच्या ग्रामसभेत करून पंचायत समितीला पाठवा. ठरावाचा मसुदा आम्ही लिहून आणला आहे. बैठक संपल्यावर मंचाजवळ प्रती मिळतील.