पावसाआधी गाडीची काच

(रेडिओवरील भाषण)



ज्यांच्या दारात अजून एखादी जुनी फियाट, अ‍ॅम्बॅसिडर किंवा जीप उभी आहे, त्यांच्याशी आज मला बोलायचं आहे. अशा गाडीच्या मालकाला पहिला मोठा पाऊस एक गोष्ट हमखास कळवतो. रात्री गाडी सगळ्या काचा वर करून, कुलूप लावून ठेवलेली असते. सकाळी दार उघडावं तर पायाखालचं मॅट ओलं. पाणी कुठून आलं म्हणून शोधायला लागलं की समोरच्या काचेभोवतीच्या रबराशी येऊन थांबावं लागतं. वर्षानुवर्षं ऊन खाऊन ते रबर कडक झालेलं असतं, कोपऱ्यात आक्रसलेलं असतं, नखानं दाबलं तर त्याला भेगा दिसतात.

मग आपण नेहमीचे उपाय करतो. कोणी डांबर फासतं, कोणी एम-सील लावतं, कोणी सिलिकॉनची नळी रिकामी करतं. दोन-चार सरी भागतं, की पुन्हा पाणी आत. खरा उपाय एकच, तो म्हणजे काच काढून नवं रबर बसवणं. हे काम घरच्या अंगणात दोन माणसांना करता येतं. मात्र सगळ्या गाड्यांवर नाही. म्हणून आधी आपली गाडी कुठल्या जातीची आहे ते पाहू.

समोरची काच बसवण्याच्या दोन पद्धती आहेत. जुन्या पद्धतीत काचेभोवती जाड रबराची चौकट असते. तिला दोन खाचा असतात. आतल्या खाचेत काच बसते आणि बाहेरच्या खाचेत गाडीच्या पत्र्याची कड. मध्ये डिंक नाही, स्क्रू नाही. रबराच्या पकडीवर सगळा भार. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ सालापासून जी फियाट ११०० डिलाइट तयार होऊ लागली आणि जी पुढे प्रीमियर पद्मिनी म्हणून ओळखली गेली, ती याच पद्धतीची. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत ती आपण सगळ्यांनी पाहिली. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली, पण घरोघरी जपलेल्या पद्मिनी अजून आहेत.

दुसरी पद्धत आजच्या गाड्यांची. काचेच्या कडेनं आतून काळा पट्टा दिसत असेल, तो आत येता येता बारीक ठिपक्यांत विरत असेल आणि भोवती जाड रबर नसेल, तर ती काच पॉलियुरेथेनच्या डिंकानं सरळ पत्र्याला चिकटवलेली आहे असं समजा. हा काळा पट्टा शोभेचा नाही. खालच्या डिंकाला ऊन लागून तो खराब होऊ नये म्हणून तो दिलेला असतो. अशी काच गाडीच्या सांगाड्याचाच एक भाग असते. गाडी उलटली तर छताला आधार देण्यात तिचा वाटा असतो. शेजारच्या सीटसमोरची एअरबॅग फुगते तेव्हा बऱ्याच गाड्यांत ती याच काचेला टेकून प्रवाशाकडे वळते. डिंकाची पकड कच्ची असेल तर नेमक्या त्या क्षणी काच बाहेर जाईल. त्यामुळे ही काच घरी बदलायच्या भानगडीत पडू नका. ती जाणकाराकडूनच बसवून घ्या, आणि डिंक पुरता धरेपर्यंत तो सांगेल तितके तास गाडी हलवू नका.

आता आपल्या रबराच्या काचेकडे येऊ.

पहिली तयारी खरेदीची. आपल्याच मॉडेलचं, कोपरे साच्यात घडवलेलं अखंड रबर मिळत असेल तर तेच घ्या. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या बाजारात चौकशी केली तर जुन्या गाड्यांचं सामान सापडतं. जाताना जुन्या रबराचा वीतभर तुकडा सोबत न्या. गाडीचं नाव सांगण्यापेक्षा तो तुकडा दुकानदारापुढे ठेवलेला बरा, कारण खाचेची रुंदी पाव इंचानं जरी चुकली तरी रबर वाया गेलं. मीटरवर मिळणारं रबर घ्यावं लागलं तर ते ताणून बसवू नका. ताणलेलं रबर पुढे आक्रसतं आणि सांध्याशी उघडं पडतं. सांधा कधीही कोपऱ्यावर आणू नका.

काचही बदलायची असेल तर इथे जपायला हवं. जीपची काच सपाट असते, त्यामुळे खिडकीच्या काचा कापणाऱ्या कुठल्याही दुकानातून साधी काच कापून आणायचा मोह होतो. स्वस्तात काम होतं, पण दगड लागला किंवा धडक बसली तर साध्या काचेचे लांब, टोकदार तुकडे थेट चेहऱ्यावर येतात. समोरची काच लॅमिनेटेडच हवी. म्हणजे दोन काचा आणि मध्ये प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा. ती फुटली तरी तुकडे पापुद्र्याला चिकटून राहतात. याची सुरुवात १९०३ साली फ्रान्समध्ये झाली. एदुआर बेनेदिक्तूस या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काचेचं एक भांडं पडलं, तडकलं, पण विखुरलं नाही. आत वाळलेल्या सेल्युलोज नायट्रेटच्या थरानं तुकडे धरून ठेवले होते. त्यातून त्यानं पुढे सुरक्षित काच बनवली आणि १९०९ साली तिचं पेटंट घेतलं.

आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांतही समोरच्या काचेसाठी लॅमिनेटेड काचच सांगितली आहे, आणि तिच्यातून किमान ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे असं बंधन आहे. म्हणून विकत घेताना काचेच्या कोपऱ्यातली आयएसआयची खूण आणि आयएस २५५३ हा आकडा बघून घ्या. सपाट लॅमिनेटेड काच मापाप्रमाणे कापून मिळते. टफन्ड काच मात्र एकदा तयार झाली की कापता येत नाही, कापायला गेलं की तिचा चुरा होतो. दुकानदार तुमच्यासमोर टफन्ड म्हणून काच कापून देऊ लागला, तर ती टफन्ड नाही हे ओळखा.

आता प्रत्यक्ष काम. वायपरचे दांडे आधी काढून ठेवा. बॉनेटवर जुनी गोधडी टाका. डॅशबोर्डवर चादर घाला, आणि त्याआधी डॅशबोर्डच्या वरच्या, हवा येण्याच्या फटींवर चिकटपट्टी लावा. हे बहुतेक जण विसरतात. काच फुटकी असेल तर तिचे कण त्या फटींत पडतात आणि महिन्याभरानं पंखा सुरू केला की थेट डोळ्यांवर येतात. हातात जाड मोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

जुनं रबर वाचवण्याच्या नादी लागू नका. बाहेरच्या बाजूनं धारदार सुरीनं त्याचा काचेवर आलेला ओठ सगळीकडून कापून टाका. मग एकानं आतून वरच्या कोपऱ्याशी तळहातानं हळूहळू दाब द्यायचा आणि दुसऱ्यानं बाहेरून काच धरायची. आत सीटवर बसून पायांनी काच ढकलायची पद्धत गॅरेजात दिसते. काच फेकूनच द्यायची असेल तर ती चालेल, पुन्हा वापरायची असेल तर नको. काढलेली काच फरशीवर कडेवर उभी करू नका. कडेला टवका उडाला तर पुढे तिथूनच तडा जातो. ती गोधडीवर आडवी ठेवा.

यानंतर खरं काम आहे, आणि त्यालाच लोक सर्वांत कमी वेळ देतात. काच निघाली की पत्र्याची उघडी कड बघा. वरची आणि बाजूंची बहुधा ठीक असते. खालच्या दोन कोपऱ्यांत बोट फिरवा. जुन्या रबरात मुरलेलं पाणी तिथे साचतं. रंग फुगलेला दिसेल, टोकरलं तर पापुद्रे निघतील आणि खाली तपकिरी भुकटी. वायर ब्रशनं आणि पॉलिश पेपरनं चकाकता पत्रा दिसेपर्यंत घासा. रेड ऑक्साइडचा हात द्या, त्यावर रंग द्या आणि तो पुरता वाळू द्या. ओल्या रंगावर रबर चढवलं तर ते चिकटून बसतं आणि पुढच्या वेळी रंगासकट निघतं. कड कुठे वाकली असेल तर पकडीनं सरळ करा. पत्रा गळून भोक पडलं असेल तर काम इथेच थांबवा आणि डेंटिंगवाल्याकडून तेवढा तुकडा वेल्ड करून घ्या. सडलेल्या पत्र्यावर कितीही भारी रबर बसवलं तरी पाणी येणारच.

नवं रबर तासभर उन्हात ठेवा, ते मऊ होतं. मग गोधडी घातलेल्या टेबलावर काच ठेवून तिच्याभोवती रबर चढवा. निसटू नये म्हणून चार-सहा ठिकाणी चिकटपट्टी लावा. आता बाहेरच्या मोकळ्या खाचेत गुळगुळीत नायलॉनची दोरी घाला. लेंग्याच्या नेफ्यात नाडी असते तशी ती सगळीकडून फिरवून आणायची, आणि दोन्ही टोकं खाली मधोमध एकमेकांवरून वीतभर नेऊन आतल्या बाजूला लोंबती ठेवायची. सुतळी वापरू नका, ती मध्येच तुटते.

रबराला आणि पत्र्याच्या कडेला साबणाचं पाणी सढळ हातानं लावा. तेल, ग्रीस, रॉकेल यांतलं काहीही लावायचं नाही. रबर तेवढ्यापुरतं सरकतं, पण त्यानं पुढे फुगतं आणि लिबलिबीत होतं.

आता दोघांनी काच उचलून चौकटीत खालची बाजू आधी टेकवायची. एक जण बाहेर राहील, एक आत जाईल. आतल्यानं दोरीचं एक टोक धरून काचेच्या मध्याकडे ओढायचं. सरळ आपल्याकडे नव्हे, काचेला समांतर. दोरी निघत जाते तसा रबराचा आतला ओठ पत्र्याच्या कडेवरून उलटून आत येतो. नीट पाहिलं तर प्रत्येक इंचाला तो आधी ताणला जातो, कडेवर क्षणभर अडतो आणि मग पट्कन आत पडतो. बाहेरच्यानं त्याच जागी उघड्या तळहातानं थापटत राहायचं. मूठ नको, हातोडी तर नकोच. आधी खालची बाजू, मग खालचे कोपरे, मग दोन्ही बाजू, आणि वरची बाजू शेवटी. कोपऱ्यावर दोरी जड होते. तिथे ओढण्यापेक्षा थांबून साबणाचं पाणी घाला आणि बाहेरून दाब वाढवा. ओठ कुठे अडकलाच तर बांबूच्या गुळगुळीत चिपेनं सोडवा. स्क्रू ड्रायव्हर घातला की रबर फाटतं, नाहीतर काचेच्या कडेला टवका उडतो.

काही गाड्यांच्या रबरात वरून बसवायची एक बारीक पट्टी असते, कुठे रबराची, कुठे चकचकीत धातूची. ती शेवटी बसवा. तीच रबराला फाकवून काच घट्ट धरते, तेव्हा ती शोभेची म्हणून राहू देऊ नका.

सीलंट लावायचा तर काचेसाठी मिळणारा, न वाळणारा घ्या. साध्या सिलिकॉनपैकी ज्याला व्हिनेगरचा आंबट वास येतो, तो पत्र्याजवळ आणूच नका. त्यातून अ‍ॅसेटिक आम्ल सुटतं आणि आपण मेहनतीनं घासलेल्या जागीच पुन्हा गंज धरतो.

शेवटी पाण्याची परीक्षा. एकानं आत बॅटरी घेऊन बसायचं, डॅशबोर्डवर वर्तमानपत्र पसरायचं. बाहेरच्यानं नळीनं बारीक धार सोडायची, तीही खालून वर. आधीच वरून पाणी ओतलं तर ते सगळीकडे ओघळतं आणि गळती कुठली ते कळत नाही. खालची बाजू कोरडी राहिली की बाजूला, मग वर. पाणी आत थेंबतं तिथेच ते शिरलेलं असतं असं नाही, ते कडेनं वाहत येतं. म्हणून वर्तमानपत्रावरच्या डागापासून मागे मागे शोधत जा.

श्रोतेहो, या कामाला लागतात दोन माणसं, एक दोरी, साबणाचं पाणी आणि एक मोकळा दिवस. त्यातला निम्मा दिवस गंज काढण्यात जाऊ द्या, कारण गळतीचा निकाल तिथेच लागतो. तुमच्या काचेभोवती जाड रबर असेल तर हे काम अवश्य घरी करा. काळा पट्टा असेल तर जाणकाराकडे जा. आणि करायचं असेल तर मे महिन्यातच करा. उन्हात रबर मऊ असतं, रंग लवकर वाळतो, आणि काही राहिलंच तर दुरुस्तीला वेळ मिळतो. जूनमध्ये मॅट ओलं झाल्यावर यातलं काहीच हातात राहत नाही.