दोऱ्याला विचारा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, पंचावन्नाव्या वर्षी माणूस नवीन काय शिकतो? कुणी मोबाइलवरून पैसे पाठवायला शिकतो, कुणी बिनसाखरेचा चहा प्यायला. मी पाण्याच्या तळावरून गळ ओढायला शिकलो. शिकवणारा माझा भाचा. तो अमेरिकेत दक्षिण कॅरोलायनात नोकरी करतो. 2024च्या डिसेंबरात तो सुट्टीवर आला, तेव्हा आपाला साडी, मला स्वेटर आणि स्वतःसाठी एक लांबट पेटी घेऊन आला. पेटीत दोन तुकड्यांची काठी, रीळ आणि एक डबा. डब्यात रबरासारख्या मऊ प्लास्टिकची गांडुळं. जांभळी, हिरवी, काही तर चमकी लावलेली. आमच्या घरातल्या बायका किंचाळल्या आणि मी हसलो. गांडुळाला प्लास्टिकचं करायची काय गरज, असं मला वाटलं.

भाचा म्हणाला, "मामू, तिकडे बास नावाचा मासा धरायला हे लागतं." हा बास म्हणजे मोठ्या तोंडाचा, तळ्यात आणि धरणात राहणारा शिकारी मासा. आपल्या नद्यांत तो नाही. कोकणातल्या जिताड्यालाही इंग्रजीत बासच म्हणतात, पण तो खाडीतला आणि वेगळ्या कुळातला. अमेरिकेतल्या बासच्या मागे तिथली माणसं वेडी आहेत. बास उथळ पाण्यात नसेल, खोल तळाशी दगडांच्या आडोशाला गेला असेल, तर तिथवर पोचायची एक पद्धत आहे. तिला म्हणतात कॅरोलायना रिग. रिग म्हणजे गळाची बांधणी.

बांधणी सोपी आहे. मुख्य दोऱ्यात एक वजन ओवायचं, साधारण पंधरा ते तीस ग्रॅमचं. ते बांधायचं नाही, दोऱ्यावरून मोकळं सरकलं पाहिजे. त्याखाली एक काचेचा मणी. मग दोऱ्याला पीळ पडू नये म्हणून पितळी भिंगरी. भिंगरीच्या पुढे दीड ते तीन फूट बारीक दोरा आणि त्याच्या टोकाला गळ. गळावर ते मऊ गांडूळ असं चढवायचं, की गळाचं टोक त्याच्या अंगात लपेल, म्हणजे शेवाळात अडकणार नाही. लांब फेकायचं आणि दोरा सैल पडेपर्यंत थांबायचं. दोरा सैल पडला, म्हणजे वजन तळाला टेकलं. मग काठी पाण्याशी समांतर धरून कडेला सावकाश ओढायची, हातभर, दोन हात. वजन तळ नांगरत येतं, थोडा गाळ उडतो आणि मागून ते हलकं गांडूळ तरंगत, लहरत येतं. वजन सरकतं असल्यामुळे माशानं तोंड घातलं तरी त्याला ओझं जाणवत नाही. तो संशय न घेता दोरा घेऊन निघतो.

हे सगळं ऐकताना मला एकदम चाळीस वर्षांपूर्वीचा नदीकाठ आठवला.

आमचं कासुर्डी दौंड तालुक्यात, पुणे-सोलापूर रस्त्यावर, यवतच्या शेजारी. दक्षिणेला भुलेश्वरचे डोंगर, उत्तरेला मुळा-मुठा. ही नदी पुढे रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. आम्ही गावचे मुलाणी. बोकड-कोंबडीला आमची सुरी लागायची, पण माशाला सुरी फिरवावी लागत नाही. त्यामुळे नदीवर मुलाण्याला तसं काहीच काम नव्हतं. तरी 1981 साली सातवीत असताना मी शाळा बुडवून तिथंच असायचो, कारण तिथं नाना होते.

नाना भोई समाजातले. त्यांच्याकडे काठीसुद्धा नव्हती. एका लाकडी दांडक्याला गुंडाळलेला तंगूस, एवढंच. शिशाची पट्टी खिळ्याभोवती गुंडाळून ते ठोकायचे, मग खिळा उपसून काढायचे. शिशाची छान नळी तयार. ती तंगुसात ओवायची, खाली सदऱ्याचं एक बटण आणि बटणाखाली दोन हात दोरा, गळ, गांडूळ. आम्ही पोरं ज्वारीच्या धांड्याचा तुकडा बांधून तो बुडायची वाट बघायचो. नानांना तरंगणारं काही लागत नसे. ते तंगूस उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर घ्यायचे, डोळे मिटायचे आणि हळूहळू ओढायचे. दगडांच्या कपारीतली वाम त्यांच्याइतकी कुणाला मिळत नसे.

मी घाई करायचो. दोऱ्याला जरा ठेच लागली की हिसका द्यायचो आणि गळ दगडात अडकवून बसायचो. नाना म्हणायचे, "आरं मुलाण्याच्या पोरा, दोरा वढू नगंस. दोऱ्याला इचार, खाली काय हाय."

मी भाच्याला बटणाची गोष्ट सांगितली. तो आपल्या काचेच्या मण्याकडे बघत राहिला. मणी गाठीवर वजन आपटू देत नाही. बटण तेच करत होतं. फरक एवढाच, की भाच्याचं वजन टंगस्टनचं होतं. शिशापेक्षा ते कठीण, म्हणून तळाची हालचाल हाताला जास्त स्पष्ट कळते. शिवाय शिसं विषारी. इंग्लंडमध्ये राजहंस गळाची शिशी गिळून मरू लागले, म्हणून तिथं 1987 साली लहान शिशांवर बंदी आली. आमचे नाना शिसं दातानं दाबून बसवायचे. कुणी तसं करू नये, हे या निमित्तानं सांगून ठेवतो.

तर असा मी शिकायला बसलो. पहिले दोन दिवस शेततळ्यावर गेले. ओढणं सोपं आहे, ओळखणं अवघड. चिखलात वजन लोण्यात सुरी फिरावी तसं येतं. मुरमावर टिकटिक लागते. वाळूत बारीक खरखर सतत येत राहते. दगडाला ठक्कन थांबतं, जरा ताण दिला की उडी मारून सुटतं. शेवाळ आधी ताणलं जातं, मग तुटतं. आणि मासा? नवख्याला वाटतं की मासा झटका देईल. बहुतेक वेळा तो झटका देत नाही. दोरा नुसता जड होतो, ओलं फडकं अडकल्यासारखा. किंवा एकदम हलका होतो, म्हणजे मासा आपल्याच दिशेनं येतोय. तेव्हा वर हिसका द्यायचा नाही. सैल दोरा गुंडाळून घ्यायचा आणि काठी कडेला लांब ओढायची. भाचा हे सगळं इंग्रजी शब्दांत सांगत होता. मला मात्र प्रत्येक वाक्यामागे नानांचा आवाज ऐकू येत होता.

तिसऱ्या दिवशी आम्ही नानांना घेऊन नदीवर गेलो. नाना आता पंच्याऐंशीच्या घरात. डोळ्यांनी फारसं दिसत नाही, पण चालतात. आमच्या जुन्या डोहापाशी त्यांना खुर्ची टाकून बसवलं. भाच्यानं फेकलं, वजन टेकलं आणि मी काठी नानांच्या हातात दिली. त्यांनी रीळ बाजूला सारलं, काठीच्या पुढचा दोरा बोटावर घेतला आणि डोळे मिटले.

"गाळ," नाना म्हणाले. थोडं ओढलं. "गाळच." आणखी ओढलं. "ही पिशवी." भाच्यानं गुंडाळून पाहिलं, तर गळाला खरोखरच प्लास्टिकची पिशवी. पुन्हा फेकलं, जरा वरच्या अंगाला. गाळ, कापड, गाळ. चार-पाच वेळा फेकून झालं. जांभळं गांडूळ काळं होऊन आलं आणि त्याला येणाऱ्या वासानं भाच्यानं तोंड फिरवलं. नानांनी विचारलं, "वाळू लागली का रं कुठं?" मी म्हटलं, "नाही नाना." तेव्हा ते म्हणाले, "मग आपुन हितं आलोच न्हाई. ह्यो दुसरा डोह आसंल."

डोह तोच होता, श्रोतेहो. काठावरची बाभळ गेली होती, पण डोह तोच होता. वाळू उपसून गेली आणि तिच्या जागी शहरातून येणारं सांडपाणी बसलं. वरून पाहिलं तर पाणी असतं, जलपर्णी हिरवीगार असते. एखाद्याला वाटेल, काय सुंदर नदी! तळाशी काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही, ते दोऱ्यालाच विचारावं लागतं.

ही नदी साधी नव्हे. इंग्रज अधिकारी कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या माशांवर 1839 साली लिहिलं. महसीरच्या एका जातीला त्यांनी 'खुदरी' हे नाव दिलं. ती आपली खडशी. तिचा नमुना त्यांनी मुळा-मुठेतलाच नोंदवला आहे, पुण्याच्या पूर्वेला सुमारे आठ मैलांवरचा. म्हणजे आमच्याच वरच्या अंगाला. जगातल्या पुस्तकांत आजही तो मासा त्याच नावानं ओळखला जातो. कोळस, पोटिल, फुलंगी, शिंगटी अशीही इथलीच नावं साइक्सनी लॅटिनच्या शेजारी बसवली. ही नावं साहेबाला सांगितली कुणी? काठावरच्या एखाद्या नानानंच सांगितली असणार. त्याचं नाव मात्र कुठं आलेलं नाही.

आणि खडशी संपलेली नाही, हेही सांगायला हवं. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात 1970च्या दशकापासून तिची पिल्लं तयार केली गेली आणि देशातल्या अनेक जलाशयांत सोडली गेली. मासा टिकवता येतो. पण तो जिथं सापडला म्हणून नोंदवला, त्या नदीत त्याला परत सोडायला जागा नाही. खडशीला वाहतं, स्वच्छ पाणी आणि दगडगोट्यांचा तळ लागतो.

भाच्याची सुट्टी संपत आली होती. नानांनाच वाटलं, पोरगं रिकाम्या हातानं जाऊ नये. म्हणून आम्ही उजनीच्या फुगवट्यावर गेलो, भिगवणच्या पुढे. भीमेवरचं हे धरण 1980 साली पूर्ण झालं. तिथल्या जाळ्यात आता सगळ्यांत जास्त चिलापी येते, ती मूळची आफ्रिकेची. अलीकडे काचेच्या टाक्यांतून सुटलेला दक्षिण अमेरिकेचा सकर मासाही येतो. तो जाळी फाडतो आणि त्याला कुणी विकत घेत नाही. तिथल्या मासेमारांना विचारून, त्यांनी दाखवलेल्या खडकाळ काठावर आम्ही बसलो.

दोन तास प्लास्टिकच्या गांडुळाला कुणी विचारलं नाही. मग नाना म्हणाले, "बांधणी ऱ्हाऊ दे त्याची, खायाला द्या आपलं." मी गळ लहान केला आणि काठावरच्या ओल्या मातीतलं खरं गांडूळ लावलं. वजन, मणी, भिंगरी सगळं अमेरिकेचं. दोरा बोटावर घेतला. टिकटिक, मुरूम. ठक्, दगड. सुटलं. पुन्हा टिकटिक. आणि मग दोरा जड झाला. चाळीस वर्षांपूर्वीच्या मुलानं इथं हिसका दिला असता. मी थांबलो, सैल दोरा गुंडाळला आणि काठी कडेला ओढली. वाम होती, हातभर. भाचा ओरडला, नाना नुसते हसले. वामेच्या पाठीवर काटे असतात म्हणून ती कापडानं धरावी लागते. नानांनी उपरणं पुढं केलं आणि तिच्या अंगावरून बोट फिरवून म्हणाले, "दगडातली हाय. चिखलाची न्हाई."

भाचा परत गेला. काठी आणि डबा माझ्याकडे ठेवून गेला. मी आता अधूनमधून आमच्या नदीवर जातो. गळ लावत नाही, धरण्यासारखं तिथं काही नाही. नुसतं वजन फेकतो आणि तळावरून सावकाश ओढतो. विशेषतः पावसाळ्यात मोठं पाणी येऊन गेलं की जातोच. लोक विचारतात, "कविराज, बिनगळाचं काय धरताय?" मी म्हणतो, चौकशी करतोय.

नानाही प्रत्येक वेळी तेच विचारतात, वाळू लागली का. अजून लागलेली नाही. ज्या दिवशी बोटाला ती बारीक खरखर कळेल, त्या दिवशी आधी नानांच्या घरी जाईन. एवढं मात्र त्यांच्या हयातीत व्हावं.