शाळकरी मुलांचा आहार

(महोत्सवानिमित्त पालकांपुढें झालेलें भाषण)



महोत्सवाच्या आनंदांत पोटाचा विषय काढावा, हें कित्येकांस रुचणार नाहीं. परंतु मुलांस आहाराचें शिक्षण द्यावें कसें, हा प्रश्न आम्हां शिकविणारांपुढें रोज उभा असतो. आणि त्याचें उत्तर शाळेइतकेंच आपल्या चुलीपाशीं आहे.

मार्ककृत शुभवर्तमानाच्या पांचव्या अध्यायांत याइराच्या कन्येची कथा आहे. मृत कन्येस उठविल्यावर, तिला कांहीं खावयास द्यावें, असें प्रभूनें घरच्यांस बजाविलें. ती 12 वर्षांची होती, हेंही सुवार्तिक आवर्जून नमूद करितो. हें वय आम्हांस विचार करावयास लावतें. याच सुमारास मुलींची वाढ झपाट्यानें होते, ऋतुस्राव सुरू होतो, आणि शरीरांतील लोह कमी पडूं लागतें. 2019–21 सालच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत 15 ते 19 वर्षांच्या मुलींपैकीं शेंकडा 59 रक्तक्षयानें ग्रस्त आढळल्या. अशी मुलगी वर्गांत पेंगते, जिना चढतांना धापा टाकते, आणि आपण तिला आळशी म्हणतों! तरीही कित्येक घरांत बापभावांचीं ताटें वाढून झाल्यावर माशाचा जो तुकडा उरेल तोच तिच्या वांट्यास येतो. ही चाल मोडल्याखेरीज आम्हीं फळ्यावर ‘लोह’ हा शब्द कितीही मोठ्या अक्षरांत लिहिला तरी व्यर्थ होय.

शाळेचें काम निराळें. मुलांकडून जीवनसत्त्वांचीं नांवें घोकून घेणें हा आमच्या मतें सर्वांत निरुपयोगी मार्ग. त्यापेक्षां दानिएलाच्या ग्रंथाचा पहिला अध्याय वाचून दाखवावा. दानिएल व त्याच्या तिघां सोबत्यांनीं राजाचीं पक्वान्नें व द्राक्षारस नाकारला, 10 दिवस शाकान्न व पाणी यांवर राहण्याची परवानगी मागितली, आणि मग कारभाऱ्यानें दोन्ही पक्षांचे चेहरे पडताळून पाहावे असें ठरलें. मुलांस ही परीक्षा विलक्षण आवडते. (10 दिवसांच्या पुराव्यावर आजचे वैद्य समाधान मानणार नाहींत, ही गोष्ट वेगळी.)

मग वस्तु हातीं द्याव्या. 100 ग्रॅम नाचणींत 300 मिलिग्रॅमांहून अधिक कॅल्शियम असतें. तितक्याच पांढऱ्या तांदळांत तें अगदींच थोडें. पालेभाजीवर लिंबू पिळलें तर तिच्यांतील लोह अंगीं लागण्यास साहाय्य होतें. जेवणावर लगेच चहा घेतला तर अडथळा होतो. जवळा, सुकट हीं आपल्या किनाऱ्याचीं स्वस्त व पौष्टिक खाद्यें आहेत, मात्र त्यांतील मीठ धुवून काढावें. बिस्किटाच्या पुड्यावरील बारीक अक्षरें पांचवीच्या मुलास सहज वाचतां येतात. 100 ग्रॅमांत 25 ग्रॅम साखर लिहिली असेल, तर चार पुड्यांच्या पैशांत आपण एक पुडा निव्वळ साखर विकत घेतली, हें गणित त्यानें स्वतः मांडावें. घरीं जाऊन तो तें आईस ऐकवितोच.

माध्यान्ह भोजनाविषयींही दोन शब्द. ही केंद्र सरकारची योजना 1995 सालीं सुरू झाली. शिजविलेलें अन्नच द्यावें असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें 2001 सालीं दिला. 2021 पासून तिचें नांव पीएम पोषण असें आहे. कांहीं पालकांस हें जेवण कमीपणाचें वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. योहानकृत शुभवर्तमानांत एका मुलाच्या पांच जवाच्या भाकरी व दोन मासळ्या सर्वांत वांटल्या गेल्या, त्या पंक्तींत कोण कोणाशेजारीं बसला हें कोणीं विचारलें होतें? अन्न बेचव असेल तर शाळेंत येऊन चाखावें व तसें सांगावें. मुलास पंक्तींतून उठवूं नये.

शेवटची गोष्ट आमच्या अंगणांतली. अतिरिक्त साखर, मीठ व चरबी असलेले पदार्थ शाळेच्या फाटकापासून 50 मीटरांच्या आंत मुलांस विकूं नयेत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 2020 सालचा नियम आहे. अनेक धर्मग्रामांप्रमाणें येथेंही मंदिर व शाळा यांचें अंगण एकच. सणाच्या दिवशीं रंगीत सरबतांचीं व तळलेल्या पुड्यांचीं दुकानें नेमकीं त्या फाटकाशींच लागतात. महोत्सव समितीनें यंदां तीं मांडण्यापूर्वीं टेप घेऊन तें अंतर मोजावें, आणि फाटकाजवळची जागा राजेळी केळीं, सुकेळीं व शहाळीं विकणाऱ्या भगिनींस द्यावी, अशी आमची विनंती आहे.