मॉरिशसला जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या मंडळातील काही कुटुंबे येत्या वर्षी मॉरिशसच्या प्रवासास निघणार आहेत असे कार्यवाहांकडून समजले, आणि तेथे जाऊन आलेला मनुष्य म्हणून चार शब्द सांगण्याची आज्ञा मला झाली. तेथील समुद्रकिनाऱ्यांचे वर्णन प्रवासी कंपन्यांच्या रंगीत पत्रकांत हवे तेवढे सापडते. ते मी करीत नाही.

विमानतळाबाहेर पडताच दुतर्फा उसाचे मळे दिसतात आणि कोल्हापूरच्या माणसाला घरच्यासारखे वाटू लागते. पण हा ऊस कोणाच्या घामावर पिकला हे आधी जाणून घ्यावे. 2 नोव्हेंबर 1834 रोजी 'अ‍ॅटलस' नावाच्या जहाजातून करारबद्ध हिंदी मजुरांची तुकडी पोर्ट लुई बंदरात उतरली. पुढील वर्षी 1 फेब्रुवारीपासून तेथील गुलामगिरी कायद्याने संपली आणि मळ्यांत राबण्यासाठी हिंदुस्थानातून माणसे नेण्याचा ओघच लागला. मुंबई बंदरातून गेलेल्यांत आपले मराठी लोकही होते. बहुतेक कोकणपट्टीतले, काही घाटावरचे. ज्या धक्क्यावर ही माणसे उतरत, तो 'आप्रवासी घाट' 2006 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तो अवश्य पाहावा, आणि मुलांना बरोबर न्यावे.

आता एक गोष्ट स्पष्टच बोलतो; ज्ञातिमंडळाच्या व्यासपीठावरून बोलतो आहे याची जाणीव ठेवूनच बोलतो. नवा माणूस भेटला की आडनाव विचारायचे, आडनावावरून गाव आणि गावावरून जात काढायची, ही आपली सवय. ती तेथे पूर्णपणे बाजूला ठेवावी. मजुराच्या नोंदीत लिहिलेले बापाचे वा आजोबांचे नाव हेच तेथे पुष्कळांचे आडनाव होऊन बसले आहे. भिवाजी, रामजी ही तेथे आडनावे आहेत. त्यांवरून आपल्याकडील शोध लागत नाही आणि लावूही नये. ते स्वतःला मराठी म्हणवितात. ती ओळख त्यांनी पावणेदोनशे वर्षे परमुलखात जपली आहे. तिच्या मागे जाऊन 'पण तुम्ही मूळचे कोण?' असे विचारणे म्हणजे पाहुणचार करणाऱ्याच्या चुलीपर्यंत जाऊन भांडी तपासण्यासारखे आहे. एखाद्याने आपण होऊन पूर्वजांचे गाव शोधायचे आहे असे म्हटले, तर गोष्ट वेगळी. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या काळच्या नोंदवह्या व मजुरांची छायाचित्रे जतन केलेली आहेत. तेथील कागदावरचे गाव आपल्या ओळखीचे निघाले, तर पत्ता लावून देण्यास जरूर मदत करावी.

त्यांच्या मराठीलाही हसू नये. घरात बहुधा क्रिओल चालते, वर्तमानपत्र फ्रेंच, कचेरी इंग्रजीत. असे असूनही मराठी शाळेत शिकविली जाते. आरती ते मनापासून म्हणतात, आणि कोकणातील जाखडी तेथे 'झाकरी' नावाने आजही नाचली जाते. आपली नातवंडे कोणत्या भाषेत बोलतात हे आठवून पाहावे आणि मग हसावे वाटल्यास हसावे!

गणेशोत्सव तेथे 1896 सालापासून चालत आला आहे. आँरिएत गावच्या भिवाजी कुटुंबाने तो प्रथम केला असे सांगतात. त्यासाठी सरकारी सुट्टी असते, मात्र ती अलीकडे आपल्या चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी पडते. सुट्टी पाहून तिकीट काढणाऱ्यांची स्थापना चुकेल. रस्त्यावर 'ढोल पुरी' मिळते, ती डाळ भरलेली पोळी. पुरणपोळीची बहीणच, पण गोड नव्हे. गंगा तलाव या तीर्थास जाताना देवळाला शोभेल असाच वेष करावा. ल मोर्नचा डोंगर हा तेथील लोकांना पळून गेलेल्या गुलामांचे स्मारक म्हणून पवित्र आहे; तेथे आरडाओरड करीत छायाचित्रे काढणे बरे दिसत नाही.

आता जिवाच्या गोष्टी. पंचगंगेच्या पुरात उड्या घेणारे आणि रंकाळ्यात पोहायला शिकलेले वीर आपल्यात आहेत. समुद्रापुढे त्या विद्येचा अभिमान धरू नये. बेटाभोवती प्रवाळाचा कठडा आहे व त्याच्या आतील पाणी बहुतेक शांत असते. पण कठड्यास जेथे खिंड पडली आहे तेथून पाणी जोराने बाहेर ओढले जाते. दक्षिणेस सुयाकजवळ ग्रि ग्रि येथे कठडाच नाही. तेथे लाटा काठावरूनच पाहाव्या. तळाशी दगडासारखा दिसणारा एक विषारी मासा असतो, म्हणून पाण्यात रबरी जोडे घालूनच उतरावे.

नोव्हेंबर ते एप्रिल हे दिवस चक्रीवादळांचे. सरकार एक ते चार असे चढत्या क्रमाने इशारे देते. तिसरा लागला की निवाऱ्यातच राहावे. चौथ्यात दाराबाहेर पाऊल टाकू नये. वादळाचा मध्य डोक्यावर आला की वारा एकाएकी पडतो आणि संपले असे वाटते. थोड्या वेळाने तो उलट दिशेने तितक्याच वेगाने येतो. 1960 च्या फेब्रुवारीतील 'कॅरोल' वादळाची आठवण म्हातारी माणसे अजून काढतात. नुसता पाऊसही घातक ठरतो: 30 मार्च 2013 रोजी पोर्ट लुईत अचानक आलेल्या लोंढ्यात अकरा माणसे दगावली. भुयारी वाटा व तळघरे यांत पावसात थांबू नये.

झोपेच्या वा तीव्र वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्या वडीलधाऱ्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवावी आणि त्या औषधास आगाऊ परवानगी लागते काय, हे निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे. या बाबतीत तेथील कायदा कडक आहे. तुळशीचे रोप, बी-बियाणे, फळे परवान्यावाचून नेऊ नयेत. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर तेथे 2016 पासून बंदी आहे, तेव्हा लाडू-चिवडा डब्यांतून न्यावा.

पोलिसांसाठी 999, रुग्णवाहिकेसाठी 114, अग्निशामक दलासाठी 115 हे क्रमांक प्रत्येकाने, मुलांनीसुद्धा, कागदावर लिहून खिशात ठेवावे; दूरध्वनी यंत्र पाण्यात पडते, कागद दुसऱ्याच्याही खिशात ठेवता येतो. जाणाऱ्या कुटुंबांपैकी कोणास अधिक विचारावयाचे असेल, तर भोजनोत्तर मी याच मंडपात बसलेला आहे.