यझ्दला जाताना

यझ्दच्या जुन्या बाजारात एका म्हाताऱ्या दुकानदाराचे पैसे न देता मी निघून आलो होतो. लबाडीचा हेतू मुळीच नव्हता. फारसी येत नव्हती म्हणून असे घडले म्हणावे तर तेही नाही. थोडीफार येत होती, म्हणूनच घडले. ती हकीकत आज सांगणार आहे, आणि तिच्या ओघाने, त्या शहरी जाणाऱ्याने काय जाणून असावे तेही.

यझ्द हे इराणच्या मध्यभागातले शहर. एका अंगाला दश्त-ए-कवीर, दुसऱ्या अंगाला दश्त-ए-लूत, अशा दोन वाळवंटांच्या मध्ये ते वसले आहे. नाव आपल्याला अनोळखी वाटेल, पण माणसे अनोळखी नाहीत. मुंबईत किंवा पुण्यात कोपऱ्यावरच्या ज्या इराण्याच्या हॉटेलात आपण ब्रून-मस्का चहात बुडवून खाल्ला, त्या इराण्यांपैकी पुष्कळांचे वाडवडील यझ्दच्या आसपासच्या खेड्यांतून आलेले.

निघण्यापूर्वी मात्र आपल्या सरकारच्या सूचना पाहाव्यात. फेब्रुवारी २०२४ मध्ये इराणने भारतीय प्रवाशांना व्हिसाची माफी दिली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ती थांबवली. दरम्यान जून २०२५ मध्ये युद्ध झाले आणि तेथे शिकणारी आपली मुले सरकारला परत आणावी लागली. तेव्हा नियम काय आहेत, वाट सुरक्षित आहे की नाही, हे ज्या त्या वेळी विचारावे. मी सांगणार आहे तो भाग त्या मानाने टिकाऊ आहे.

माझा विषय इतिहास. मराठेशाहीचे कागद वाचायचे तर फारसीवाचून अडते, म्हणून तरुणपणी ती भाषा शिकलो. इराणात उतरलो तेव्हा मनात थोडा ताठा होता, खोटे कशाला सांगू! कारण आपल्या मराठीत फारसी किती मुरली आहे! बाजार, दरवाजा, जमीन, हजार, कारखाना, शागीर्द हे शब्द तेथे जसेच्या तसे कानांवर पडतात. पेशवा म्हणजे पुढारी. फडणीस, चिटणीस यांतला शेवटचा 'नीस' म्हणजे नवीस, लिहिणारा. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो याच शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठी. पण कारभारातून हटवलेले शब्द स्वयंपाकघरात आणि शाळेत राहूनच गेले. आकडे तर सख्खे भाऊच. आपले पाच, त्यांचे पंज. आपले सप्त, त्यांचे हफ्त. आपले दश, त्यांचे दह.

पण घरचा वाटणारा शब्दच परदेशात फसवतो, बरं का. पहिल्या सकाळी मी आठ वाजता 'नाहार' मागितली. आपली न्याहारी त्याच शब्दावरून आलेली. वाढणारा मुलगा घड्याळाकडे बघून म्हणाला, एक वाजता या. त्यांच्याकडे नाहार म्हणजे दुपारचे जेवण. मेवा मागावा तर ताजी फळे येतात. 'खाली' म्हणजे रिकामे, त्याचा वर-खालीशी काही संबंध नाही. आणि दफ्तर म्हणजे वही किंवा कचेरी. मुलांच्या पाठीवरचे दप्तर नव्हे.

शब्दांची फसगत हसण्यावारी नेता येते. रीतीची फसगत तशी नसते.

गुरुवारची संध्याकाळ होती. यझ्दला तेर्मे नावाचे कापड विणतात, कोयरीच्या नक्षीचे, उंची वस्त्र. एका अरुंद दुकानात मी त्याचा हातरुमालाएवढा तुकडा निवडला. दुकानदार सत्तरीच्या पुढचा. हिंदुस्थानातून आलो आहे म्हटल्यावर त्याने चहा मागवला, मुंबईला गेलेल्या कुणा नातेवाइकाची चौकशी केली. उठताना मी किंमत विचारली. तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "काबेली नदारे."

मी मनात शब्द सोडवले. काबील म्हणजे लायक, तो शब्द आपल्याकडेही आहे. नदारे म्हणजे नाही. नादार, शाळेतली नादारी, यांतला तोच धातू. एकूण अर्थ : तुमच्यापुढे याची काय किंमत! मला वाटले, म्हातारा भेट देतो आहे. मी गहिवरलो. दोन्ही हात जोडले, पुस्तकी फारसीत आभार मानले आणि कापड खिशात घालून निघालो. तो मला पोचवायला उंबऱ्यापर्यंत आला. चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही त्याने.

मी उतरलो होतो त्या घराचे मालक निवृत्त शाळामास्तर. रात्री मोठ्या कौतुकाने त्यांना ही गोष्ट सांगितली. ते ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, "आगा, पैसे दिले नाहीत का हो तुम्ही?"

या रीतीला ते लोक तआरोफ म्हणतात. दुकानदार, टॅक्सीवाला, न्हावी, किंमत विचारली की पहिल्यांदा "काबेली नदारे" म्हणतो. आपण म्हणायचे, "खाहेश मीकोनम", म्हणजे कृपा करून सांगा. कधी तो दुसऱ्यांदाही तेच म्हणतो. आपणही पुन्हा म्हणायचे. मग तो आकडा सांगतो आणि आपण पैसे देतो. दोघांचाही मान राहतो. मध्येच जो 'बरं तर' म्हणून उठतो, तो समोरच्याला अशा जागी आणून ठेवतो की त्याला तोंड उघडता येत नाही. पैसे मागावेत तर आपलेच शब्द खोटे पडतात.

मला रात्रभर झोप आली नाही. त्या तुकड्यावर किती दिवसांची मेहनत असेल ते दिसतच होते. शिवाय आपण कुठले, ते मी त्याला आपल्या तोंडाने सांगून आलो होतो.

आणि गंमत अशी की ही रीत मराठी माणसाला तरी कळायला हवी होती. पंगतीत जिलबीचे ताट येते, आपण पानावर आडवा हात धरून 'नको नको' म्हणतो, आणि वाढणारा बोटांच्या फटीतून दोन कडी सोडतोच. 'नको'चा अर्थ नको असा घेतला तर यजमानाला नावे ठेवतील. आपण दारातून निघताना 'येतो' म्हणतो. मराठी शिकलेला एखादा परका तो शब्द धरून ओट्यावर वाट पाहत बसला, तर त्याला काय म्हणाल? तसाच मी.

मग खरे आमंत्रण ओळखावे कसे? मास्तरांनी खूण सांगितली. रस्त्यात भेटलेला माणूस "घरी चला" म्हणाला, तर आभार मानून नाही म्हणावे. तो तिसऱ्यांदा म्हणाला, दिवस आणि वेळ सांगू लागला, बायकोला फोन लावू लागला, तर ते खरे. चहा ओतून पुढे ठेवलाच असेल तर घ्यावा. साखरेचा खडा दातांत धरून वरून चहा पितात. चमचा शोधू नये.

दुसरा दिवस शुक्रवार. तेथील सुटीचा वार. बाजाराच्या छपराखाली सगळी दारे बंद. शनिवारी सकाळी साडेदहाची माझी शिराझची बस. सबंध दिवस खिशात ते कापड घेऊन मी शहरभर हिंडलो.

कच्च्या विटांची, मातीने लिंपलेली घरे, भिंती उंच, गल्ल्या अरुंद. जुन्या यझ्दला २०१७ साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतले. घरांवर बादगीर, म्हणजे वारा धरणारे मनोरे असतात. वरचा वारा ते पकडून खाली खोलीत, हौदाच्या पाण्यावर आणून सोडतात. दौलताबादच्या बागेतला बादगीर तीस मीटरांहून उंच आहे. (हे दौलताबाद त्यांचे हं, देवगिरीचे नव्हे.) जुन्या दारांवर दोन कड्या असतात, एक जड दांड्याची, एक वर्तुळाची. पुरुषाने दांडा वाजवायचा, बाईने कडी. आवाजावरून घरातल्यांना कळे, दार उघडायला कोणी जायचे ते.

पण आमच्या शेतकरी श्रोत्यांनी पाहावे ते तेथले पाणी. वर्षाचा पाऊस साठ मिलिमीटरच्या आसपास. आपल्याकडे एका दुपारची वळवाची सर तेवढी होते. असे असून तेथे डाळिंबाच्या बागा आहेत, त्या कनातीच्या जिवावर. कनात म्हणजे तंबूची नव्हे, हाही फसवा शब्द. डोंगराच्या पायथ्याशी खोल विहीर असते, तिला मादर-चाह, आईविहीर म्हणतात. तिथून गावापर्यंत जमिनीखालून अगदी मंद उताराचा बोगदा, आणि माती उपसायला व हवा खेळायला अंतराअंतरावर उभी भोके. ना मोट, ना पंप. पाणी आपल्या पायांनी येते आणि उन्हात उडून जात नाही. झार्चची कनात सत्तर किलोमीटरांहून लांब आहे. छत्रपती संभाजीनगरच्या श्रोत्यांना मलिक अंबराची नहर आठवेल. ती याच जातीची.

पाळीपाळीने पाणी वाटायचे तर वेळ मोजणे आले. त्यासाठी बुडाला बारीक भोक असलेले तांब्याचे भांडे पाण्यात सोडत. ते भरून बुडाले की एक माप झाले. जलसंग्रहालयात ते भांडे पाहताच मी म्हटले, अरे, हे तर आपले लग्नातले घटिकापात्र! पुढे खोल नलिकाविहिरी आल्या, भूजल खाली गेले आणि पुष्कळ कनाती सुकल्या. आता शहराला इस्फहानकडून नळाने पाणी येते. ही कथा आपल्याला कोणी सांगायला नको.

व्यवहाराचे थोडक्यात सांगतो. बाहेरच्या बँकांची कार्डे निर्बंधांमुळे तेथे चालत नाहीत, रोकड न्यावी लागते. नोटेवर रियाल आणि बोलण्यात तोमान. दहा रियालांचा एक तोमान, आणि बोलताना लोक हजारही गिळतात. त्यातच २०२५ साली तेथील संसदेने चार शून्ये गाळण्याचे मंजूर केले. तेव्हा नोट हातात धरून विचारावे, "ही का?" दुपारी तीन-चार तास दुकाने बंद असतात, उन्हाळ्यात आपणही त्या वेळी झोपावे. शाकाहाऱ्याने "मन गूश्त नमीखोरम", मी मांस खात नाही, एवढे म्हणून थांबू नये, कारण कोंबडीला पुष्कळजण गूश्त समजत नाहीत. "मोर्ग"ही नको म्हणावे. बाकी पोळीसारख्या रोट्या, दही, पालेभाज्या, वांग्याचे पदार्थ यांवर सुखाने राहता येते. स्त्रियांनी डोके झाकावे असा कायदा आहे. २०२२ नंतर तेथल्या अनेक स्त्रिया तो जुमानीत नाहीत, आणि त्यासाठी त्यांनी मोठी किंमत मोजली आहे. पण त्यांचे भांडण त्यांचे आहे, पाहुण्याने रुमाल जवळ ठेवावा. पुरुषाने परस्त्रीपुढे हात करू नये. आपला नमस्कार तेथे उत्तम चालतो.

शिक्षकांसाठी आणखी एक. यझ्दमध्ये मार्कर यांच्या नावाची शाळा आणि घड्याळाचा मनोरा आहे. पेशोतनजी मार्कर हे मुंबईचे पारशी. तिथल्या अनाथ मुलांसाठी त्यांनी पैसा पाठवला. त्याआधी, १८५४ साली, मुंबईहून माणेकजी लिमजी हातारिया इराणात गेले. तेथल्या जरथुश्त्री लोकांवरचा जिझिया उठावा म्हणून ते वर्षानुवर्षे खटपट करीत राहिले आणि १८८२ साली तो उठला. मुंबईच्या अग्यारीत आपल्याला प्रवेश नाही, पण यझ्दच्या अग्निमंदिरात काचेपलीकडचा अग्नी कोणालाही पाहता येतो.

शनिवारी नऊला मी बाजारात उभा. दुकान बंद. साडेनऊला बंद. शेजारच्या रोटीवाल्याला पैसे देऊ लागलो, "म्हाताऱ्याला द्या" म्हणालो, तर तोही म्हणाला, "काबेली नदारे!" त्याला काय वाटले कोण जाणे. एवढ्यात म्हातारा काठी टेकीत आला. मास्तरांनी शिकवलेले वाक्य मी आधी म्हटले, "खस्ते नबाशीद", थकू नका. काम करणाऱ्या माणसाला तिकडे असेच अभिवादन करतात. मग किंमत विचारली.

"काबेली नदारे," तो म्हणाला.

"खाहेश मीकोनम."

"तुम्ही पाहुणे."

"खाहेश मीकोनम," मी पुन्हा म्हटले. त्याने माझ्याकडे पाहिले, मग आकडा सांगितला. मी पैसे मोजून दिले. त्याने ते न मोजता गल्ल्यात टाकले, शटर वर केले आणि चहा सांगायला पोऱ्याला हाक मारली. बसची वेळ झाली म्हणून मी छातीवर हात ठेवला. त्यानेही ठेवला. या वेळी चहाचा आग्रह त्याने एकदाच केला.

पैसे दिल्यावर "दस्ते शोमा दर्द नकोने" म्हणतात, म्हणजे तुमचा हात दुखू नये. मी घाईत ते विसरलो. तुम्ही गेलात तर विसरू नका.