दवाखान्यांतलें इंग्रजी आणि रोग्याची निवड

पंढरपुराहून टेंभुर्णीकडे जाणाऱ्या रस्त्यावर करकंब हें गांव आहे. या बाजूच्या गांवांतली एखादी चाळिशी ओलांडलेली बाई अंगावरून फार जातें म्हणून घराबाहेर पडते, तेव्हां तिचा मार्ग बहुधा ठरलेला असतो. प्रथम गांवांतला दवाखाना, मग पंढरपूर आणि तेथेंहि भागलें नाहीं तर सोलापूर. वाटेंत तिच्या हातीं एक चिठ्ठी पडते. चिठ्ठी तिच्याच शरीराविषयीं असते आणि ती तिनेंच जपून न्यावयाची असते; परंतु तींत काय लिहिलें आहे हें तिला वाचतां येत नाहीं, कारण मजकूर इंग्रजींत असतो. टपालवाल्यास पाकिटांतला मजकूर ठाऊक नसावा हें योग्यच आहे. येथें मात्र पत्र पोंचविणारी आणि पत्राचा विषय हीं दोन्ही एकच.

आपल्याकडे पाश्चात्य वैद्यक आलें तेंच इंग्रजीचें बोट धरून. मुंबईचें ग्रँट मेडिकल कॉलेज 1845 सालीं सुरू झालें आणि तेथील सर्व शिक्षण इंग्रजींतून होई. पुढें 1861 सालीं त्याच कॉलेजांत मराठी व गुजराती वर्ग उघडण्यांत आले. मराठी वर्गास शिकविणारे डॉक्टर सखाराम अर्जुन यांनीं वैद्यकावर मराठींत पुस्तकें लिहिलीं. रखमाबाईंचे सावत्र वडील म्हणून त्यांचें नांव पुष्कळांस ठाऊक असतें. मराठींत रोग समजावून सांगणारा गृहस्थ म्हणून तें फारसें कोणी घेत नाहीं. ते वर्ग पुढें टिकले नाहींत. आज महाराष्ट्रांतला डॉक्टर नाडी, रोग, औषध आणि धोका हें सारें इंग्रजींत शिकतो, आणि मग तें मराठी माणसाला सांगावयास बसतो.

यांत इंग्रजीचा दोष काढणें सोपें आहे, पण तें न्यायाचें होणार नाहीं. उलट रोग्यापुढें उपचारांचे पर्याय कसे मांडावे याचा विचार इंग्रजी वैद्यकानें अलीकडच्या काळांत फार बारकाईनें केला आहे. अमुक करतां येईल, तमुकहि करतां येईल, कांहीं न करतां थोडे दिवस थांबतांहि येईल. प्रत्येकाचा लाभ इतका, त्रास इतका. तुम्हांला यांतलें काय महत्त्वाचें वाटतें? अशी बोलण्याची रीत तिकडे शिकविली जाते, आणि तिची परीक्षाहि होते. परदेशीं जाणाऱ्या डॉक्टरांना व परिचारिकांना ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट नांवाची परीक्षा देतां येते. तिच्या तोंडी भागांत परीक्षक रोगी किंवा रोग्याचा नातलग बनतो आणि उमेदवारानें त्याच्याशीं सुमारें पांच मिनिटें संभाषण करावयाचें असतें. अशीं दोन संभाषणें होतात. घाबरलेल्या माणसास धीर कसा द्यावा आणि त्याला समजलें कीं नाहीं हें कसें ताडावें, याला तेथें गुण आहेत.

गंमत अशी कीं, सोलापुरांत शिकलेल्या डॉक्टराला लीड्सच्या म्हातारीशीं बोलण्यासाठीं ही तयारी करावी लागते. करकंबच्या म्हातारीशीं बोलण्यासाठीं मात्र अशी कोणतीहि परीक्षा द्यावी लागत नाहीं. मराठी तर येतेंच, असें गृहीत धरलेलें असतें. 2019 पासून एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमांत रोग्याशीं वागणें, नीति आणि संवाद यांचा भाग घालण्यांत आला आहे, आणि आरंभींच्या महिन्यांत स्थानिक भाषेचीहि सोय आहे. हें चांगलेंच झालें. परंतु घरची मराठी येणें निराळें आणि मराठींत पर्याय मांडतां येणें निराळें.

परक्या रोग्याची भाषा कष्टानें शिकणाऱ्या डॉक्टराचें उदाहरण सोलापूरला दूर शोधावें लागत नाहीं. 1910 सालीं सोलापुरांत जन्मलेले डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस 1938 सालीं पांच डॉक्टरांच्या पथकांतून चीनला गेले. तेथें ते चिनी भाषा शिकले आणि तिच्यांतून रोग्यांशीं व विद्यार्थ्यांशीं बोलूं लागले. 1942 च्या डिसेंबरांत तेथेंच त्यांचा अंत झाला. शांतारामबापूंच्या 1946 च्या चित्रपटानें त्यांचें शौर्य घरोघर पोंचविलें. त्यांच्या भाषाभ्यासाची आठवण त्या मानानें कमी निघते.

आतां दवाखान्यांतल्या मराठीकडे वळावें. इंग्रजींत शिकलेलें वाक्य मराठींत येतांना त्यांतला पर्याय कोठें गळून पडतो, हें पाहण्यासारखें आहे. डॉक्टरांच्या मनांत असतें कीं शस्त्रक्रिया हा एक मार्ग आहे. तोंडून निघतें, ‘ऑपरेशन करावं लागेल.’ या ‘लागेल’नें सारा घात केला. मराठींत ‘लागेल’ म्हटल्यावर वाद संपतो. सारा भरावा लागतो, हुंडीची मुदत पाळावी लागते, तसेंच ऑपरेशन. ‘करतां येईल’, ‘केलं तरी चालेल’, ‘नाही केलं तर असं होईल’ हीं मराठीचीं स्वतःचीं साधनें आहेत, आणि तीं इंग्रजीहून मुळींच उणीं नाहींत. धान्य घेतांना, जागा पाहतांना, सोयरीक जुळवितांना हीच माणसें तीं सफाईनें वापरतात. दवाखान्याच्या दारांत तेवढीं तीं वापरांतून जातात.

मराठींत रुळलेल्या इंग्रजी शब्दांची कथा आणखी निराळी. ‘रिपोर्ट पॉझिटिव्ह आला’ हें ऐकून हसऱ्या मुद्रेनें घरीं गेलेला आणि मागाहून हादरलेला माणूस विरळा नाहीं, कारण पॉझिटिव्ह म्हणजे चांगलें असेंच त्यानें भाषणांत ऐकलेलें असतें. ‘सिरियस’ म्हणजे डॉक्टरांच्या मतें गंभीर. गांवाच्या मतें नातेवाइकांना बोलावून घेण्याची वेळ. ‘चान्स आहे’ यांत डॉक्टर कधीं धोक्याची शक्यता सांगत असतात, आणि ऐकणारा आशा घेऊन उठतो. ‘नॉर्मल’ म्हटलें कीं दुखणें खोटें ठरविल्यासारखें वाटतें. हे शब्द मराठी झाले आहेत यांत शंका नाहीं. पण ते बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या मराठींत एकाच अर्थानें झालेले नाहींत.

आणि कांहीं वेळां अस्सल मराठी शब्दच फसवितो. गर्भाशयाला खेड्यांत सर्रास ‘पिशवी’ म्हणतात, आणि डॉक्टरहि बोलणें सोपें व्हावें म्हणून तोच शब्द घेतात. परंतु पिशवी म्हणजे काय? कांहीं आणावयाचें असेल तोंवर ती कामाची. काम झालें कीं रिकामी. मुलें झालीं, आतां पिशवी ठेवून काय करावयाचें, हा प्रश्न त्या शब्दांतच दडलेला आहे. त्याला ‘नाही काढली तर कॅन्सर होईल’ एवढें एक वाक्य जोडलें कीं निर्णय होऊन गेला. हें केवळ तर्काचें बोलणें नव्हे. बीड जिल्ह्यांतील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या या शस्त्रक्रियांविषयीं ओरड झाली, तेव्हां 2019 सालीं राज्य सरकारनें नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. तेथें 82,309 स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांतील 13,861 जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. पुष्कळजणी अद्याप तरुण होत्या. ऊस तोडावयास या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रांत आणि सोलापूरकडे येतात. पंढरपूर तालुक्यांतल्या उसाच्या फडांना त्या अनोळखी नाहींत. खाडा केला तर मजुरी बुडते, पाळीच्या दिवसांत फडांत सोय नाहीं, आणि डॉक्टर म्हणतात काढावी लागेल. अशा स्थितींत कागदावर उमटलेल्या अंगठ्याला निवड म्हणणें कठीण आहे. साऱ्याचा दोष भाषेवर टाकतां येणार नाहीं. त्यांत गरिबी आहे आणि कोठें कोठें लोभहि आहे. पण औषधानें थांबण्यासारखें होतें, आणि अंडाशयहि काढल्यास अकालीं पाळी जाऊन हाडें ठिसूळ होतात, हीं दोन वाक्यें जर त्या बाईच्या भाषेंत तिच्या कानीं पडलीं असतीं, तर नकार देण्यास तिला निदान जागा मिळाली असती.

कायद्यानें याबाबत संदिग्धता ठेवलेली नाहीं. समीरा कोहली यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी 2008 मध्यें निकाल दिला. त्यांनीं दुर्बिणीनें पोट तपासण्यास संमति दिली होती. त्या भुलींत असतांना आईची संमति घेऊन गर्भाशय आणि अंडाशय काढण्यांत आले. प्राणावर बेतलेलें नसतां अशी संमति चालणार नाहीं, असें न्यायालयानें ठरविलें. उपचार काय आहे, कशासाठीं आहे, त्याला दुसरे पर्याय कोणते, मोठे धोके कोणते आणि उपचार नाकारल्यास काय होईल, एवढें रोग्यास कळलें पाहिजे. अगदीं क्वचित् घडणाऱ्या गोष्टींची यादी वाचून दाखविण्याची सक्ति मात्र न्यायालयानें केली नाहीं, आणि तेंहि शहाणपणाचेंच. यादी वाचल्यानें बाई घाबरते. समजत कांहींच नाहीं.

धोका सांगतांना टक्क्यांपेक्षां माणसें मोजावीं. ‘या औषधानं धोका निम्मा होतो’ हें वाक्य खरें असूनहि दिशाभूल करूं शकतें. हजारांत दोघांना होणारा विकार एकाला होऊं लागला तरी तो निम्माच झाला, आणि शंभरांत चाळीसांचा वीसांवर आला तरीहि निम्माच. ‘तुमच्यासारख्या शंभर बायकांनी हे औषध घेतलं तर इतक्यांना गुण येतो’ असें म्हटल्यास अक्षरशत्रु माणूसहि हिशेब करूं शकतो. बाजारांत तो रोज करतोच.

रोग्यांकडूनहि अडचण येते, हें सांगितलें पाहिजे. ‘थांबून पाहूं’ असा सल्ला देणारा डॉक्टर पुष्कळांना कच्चा वाटतो. सलाईन लागलें नाहीं तर दवाखान्यांत जाऊन आल्यासारखें वाटत नाहीं. आणि पर्याय पुढें ठेवले कीं ठरलेलें उत्तर येतें, ‘आम्हाला काय कळतंय डॉक्टरसाहेब, तुमची बहीण असती तर तुम्ही काय केलं असतं?’ हा प्रश्न टाळूं नये. तो अडाणीपणाचा नाहीं. त्यांत मोठा विश्वास आहे. फक्त त्याचें उत्तर पर्याय सांगून झाल्यावर द्यावें, आधीं नव्हे.

करकंबची ती बाई अशा एखाद्या डॉक्टरापुढें बसली आहे असें समजावें. डॉक्टर चिठ्ठी वाचतात आणि ती मराठींत सांगतात. “मावशी, तुमच्या गर्भाशयात गाठ आहे. ती कॅन्सरची दिसत नाही. पाळी जायला लागली की अशी गाठ बहुतेक वेळा आपोआप आकसते. तोवर गोळ्यांनी अंगावरचं कमी करता येईल. आत एक औषधी तांबी बसवता येईल, तिनंही जाणं कमी होतं. नुसती गाठ काढता येईल, किंवा सगळं गर्भाशय काढता येईल. काढलं तर पाळीचा त्रास कायमचा जाईल, पण ते मोठं ऑपरेशन आहे आणि जड कामाला कांहीं आठवडे हात लावता येणार नाही. आज ठरवलंच पाहिजे असं नाही.” मग कागद बाजूला ठेवून ते विचारतात, “आता घरी गेल्यावर मालकांना काय सांगाल?”

बाई थोडा वेळ गप्प राहते. मग म्हणते, “सांगीन, गाठ हाय, पर ती वंगाळ न्हाई. गोळ्या घिऊन बघायचं. न्हाईच राहिलं तर मग दुसरं.” आणि दारापर्यंत जाऊन परत फिरते. “ती तांबी बसवायला किती पैकं पडतील, त्ये तुमी सांगितलं न्हाई.”