स्पीकर बिघडला नव्हता
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



चिटणीसांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय, चित्रपटातला आवाज. बत्तीस वर्षं मी ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत काढली, पण माइकच्या या बाजूला पहिल्यांदाच उभा आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

सुरुवात आपल्या गच्चीवरून करतो. गणपतीत आपण 'सैराट' दाखवला होता, आठवतंय? शेवटी ते लहान पोर घरी परत येतं, आई-बाबांना बघतं आणि आवाजच जातो. बी विंगमधला एक मुलगा धावत जाऊन अ‍ॅम्प्लिफायरची वायर हलवायला लागला. मी मागून ओरडलो, "अरे, हात लावू नकोस!" सगळे माझ्याकडे वळले. प्रसंगाची माती झाली ती माझ्यामुळे. त्याची माफी आज मागून टाकतो.

पण त्या मुलाचं काही चुकलं नव्हतं. ज्या सिनेमाचं संगीत अजय-अतुलनी थेट हॉलिवूडच्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलं, ज्याच्या गाण्यांवर अख्खा महाराष्ट्र नाचला, तो शेवटी गप्प कसा होईल? दिग्दर्शक नागराज मंजुळे तिथे करुण सनई-व्हायोलिन लावू शकले असते. मग आपण रडलो असतो आणि मोकळे झालो असतो. पोर रडताना दिसतं, पण ऐकू येत नाही. ते रडणं आपल्याला मनातल्या मनात ऐकावं लागतं. म्हणून घरी जाताना जिन्यात कुणी बोलत नव्हतं.

दुसरं उदाहरण जुन्या मंडळींसाठी. 'शोले', १९७५. ठाकूरचं कुटुंब मारलं जातं तो प्रसंग आठवा. गोळ्या तर प्रत्येक सिनेमात असतात. तिथे अंगावर काटा येतो तो झोपाळ्याच्या करकरीने. झोपाळा म्हणजे घर, मुलंबाळं, दुपारची झोप. तोच आवाज मरणाच्या शेजारी ठेवला की पोटात गोळा येतो. त्या चित्रपटाचे आवाज एकत्र मिसळायचं काम राजकमल कलामंदिरातल्या मंगेश देसाईंनी केलं. आमच्या धंद्यात हे नाव कानाला हात लावून घेतात.

बाकी आमचं काम तसं पोरखेळच. पडद्यावर बघत बघत पावलं वाजवायची, कधी वाळूत, कधी खडीवर, कधी फरशीवर. याला फोली म्हणतात, अमेरिकेतल्या जॅक फोली यांच्या नावावरून. घोड्यांच्या टापा नारळाच्या करवंट्यांच्या, आणि बर्फातली पावलं म्हणजे कॉर्नफ्लोअरची पिशवी दाबायची. (माझी बायको अजून विचारते, स्वयंपाकघरातला पुडा कुठे गेला!)

एक गोष्ट मात्र खोटी करता येत नाही. रिकाम्या खोलीचा आवाज. शूटिंग झालं की सगळ्यांना अर्धा-एक मिनिट गप्प उभं करून तो मुद्रित करतात. प्रत्येक खोलीचा वेगळा असतो. तो संवादांच्या मधल्या फटींत भरला नाही, तर माणसं बोलायची थांबताक्षणी विहिरीत पडल्यासारखी वाटतात.

आपण इथे राहायला आलो त्या पहिल्या वर्षी मी घरी एक माइक तपासत होतो. आईला म्हटलं, एक मिनिट काही बोलू नकोस, खोलीचा आवाज घ्यायचाय. आईला जाऊन अकरा वर्षं झाली. गेल्या महिन्यात माळा आवरताना ती कॅसेट सापडली. पन्नासेक सेकंद कुणी बोलत नाही. पंखा आहे, खाली पाण्याचा टँकर, तेव्हा रोज यायचा तो, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी. आणि बांगड्या. बोलू नकोस म्हटलं होतं, पोळ्या लाटू नकोस असं कुठे म्हटलं होतं! मग आईचा आवाज येतो, "झालं का रे?" आणि मी कॅसेट बंद केलेली आहे.

फोटो घरात भरपूर आहेत. आवाज तेवढाच, तीन शब्द.

कॅसेट आणि टेपरेकॉर्डर सोबत आणलाय. हॉलमधले पंखे जरा बंद करता का? मग लावतो.